शब्दचर्चा : 'आरोग्य कर' की 'आरोग्यकर'?

कोथिंबीर : आरोग्यविषयक पत्रिकेसाठी मजकूर मराठीत लिहितेय. तंबाखू, दारू आणि गोड पेयांवरच्या करांना मिळून जागतिक आरोग्य संघटना 'हेल्थ टॅक्स' म्हणते. मी 'आरोग्य कर' लिहिलं. मुद्रितशोधकांनी ते जोडलं आणि वाक्य झालं, 'शीतपेयांवर आरोग्यकर लावावा'! 'पापकर' सुचवू नका, कोल्ड्रिंक पिऊन कुणी नरकात जात नाही.

काना_मात्रा : जोडणं बरोबरच, समास आहे. गोची दुसऱ्या 'कर'ची. हितकर, अपायकर, आरोग्यकर यांत 'कर' म्हणजे करणारा. 'साखरकर' लिहाल तर ते आडनाव. सरळ फोडून लिहा : आरोग्यासाठीचा कर.

वरणफळ : 'साखरपट्टी' कसं वाटतं? घरपट्टी, पाणीपट्टी सगळ्यांना कळते.

कृष्णाकाठ : आमच्याकडे नाही चालणार. पट्टी म्हणजे आडत्यानं माल विकून हातात दिलेला हिशेबाचा कागद. त्यात 'साखरपट्टा' म्हणजे आम्हीच. लोक विचारतील, उसाचा दर निघाला का? शिवाय घरपट्टी घरमालकाला येते, ब्रिटनमधली गोड पेयांवरची आकारणी मात्र पेयं बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. 6 एप्रिल 2018 पासून 100 मिलिलिटरमागे 5 ग्रॅम साखर असली तर लिटरला 18 पेन्स, 8 ग्रॅम किंवा वर गेली तर 24, असा सुरुवातीचा दर होता. घोषणा 2016 ची. मधल्या दोन वर्षांत अनेक कंपन्यांनी साखरच उतरवून 5 च्या खाली आणली. तिथं 'साखर-आकारणी' शोभतं.

जमाखर्च : आपल्याकडे तेही खोटं ठरेल. शीतपेयांवर 2017 पासून 28 टक्के जीएसटी आणि वर 12 टक्के उपकर होता, 22 सप्टेंबर 2025 पासून थेट 40 टक्के. साखर किती, हे कुणी मोजत नाही. गोडी साखरेची असो की कृत्रिम, दर तोच. डाएट कोलावर साखरेचा कर कसा म्हणणार? तो उपकरही राज्यांच्या नुकसानभरपाईसाठी होता, मधुमेहासाठी नव्हे. आणि त्याच 22 तारखेला पाकीटबंद भुजिया-फरसाण 12 वरून 5 टक्क्यांवर आलं, चॉकलेट 18 वरून 5 वर. याला आरोग्यासाठीचा कर म्हणायला मोठं धाडस हवं.

वरणफळ : मग केरळचा 2016 चा 'फॅट टॅक्स'? मेदकर?

जमाखर्च : मेदकर डेन्मार्कचा. ऑक्टोबर 2011 मध्ये त्यांनी पदार्थातल्या संपृक्त मेदाच्या वजनावर कर बसवला, त्यात लोणी-चीजही सापडलं. 2013 उजाडताच रद्द! केरळनं मेद मोजलाच नाही. ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या बर्गर-पिझ्झावर 14.5 टक्के, टपरीवरची तेलातून काढलेली पळमपोरी, म्हणजे केळ्याची भजी, मोकळी. वर्षभरात जीएसटी आला आणि तो कर त्यात विरून गेला.

काना_मात्रा : त्याला 'अरबटचरबट कर' म्हणा. आजीनं आयुष्यभर वापरलेला शब्द आहे, व्याख्या विचारायची नाही.

कोथिंबीर : शीर्षकात 'अरबटचरबट' घेतेच, संपादक काय करतील ते करोत. मजकुरात 'गोड पेयांवरील कर', आणि ब्रिटनपुरतं 'साखर-आकारणी'.

कृष्णाकाठ : ताई, घ्या खुशाल. फक्त अरबटचरबटात आमचं भडंग धरू नका.