'व्हास्ट मेजॉरिटी', 'लायन्स शेअर' वगैरे: इंग्रजी लिहिताना हे वजनदार तुकडे शिकवावेत का?

खडूडस्टर
मी आयेल्ट्सच्या, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांना द्यावी लागते त्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, अकॅडमिक रायटिंगची तयारी करून घेते. नर्सिंगच्या मुली, मास्टर्सला निघालेली पोरं, असे सगळे असतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा आलेखाचा नाहीतर तक्त्याचा, वीस मिनिटं धरायची आणि किमान १५० शब्द लिहायचे. वह्या तपासताना जे सतत दिसतं त्यावर इथल्या लोकांचं मत हवंय. आकडा ५२ टक्के असू दे नाहीतर ९१, पोरं लिहितात 'द व्हास्ट मेजॉरिटी', म्हणजे प्रचंड बहुसंख्य. त्याच्या खालोखाल 'द लायन्स शेअर', मग 'अ सिग्निफिकंट प्रपोर्शन'. ही यादी झेरॉक्सवरून एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जाते, पाठ होते आणि आकड्याकडे न बघताच उत्तरात उतरते.

परवाचंच घ्या. २०११ च्या जनगणनेवरून तक्ता करून दिला होता, महाराष्ट्रात ग्रामीण लोकसंख्या ५४.८ टक्के, शहरी ४५.२. एका हुशार मुलीने पहिलंच वाक्य लिहिलं, 'द व्हास्ट मेजॉरिटी ऑफ पीपल इन महाराष्ट्र लिव्ह इन व्हिलेजेस'. व्याकरण चोख. पण शंभरातले पंचेचाळीस शहरात राहतायत, मग व्हास्ट कुठून आलं? 'जस्ट ओव्हर हाफ' लिहिलं की काम झालं. त्याच तक्त्यात अख्ख्या भारताचा ग्रामीण आकडा ६८.८ होता, तिथे 'ओव्हर टू-थर्ड्स'. माझं म्हणणं, हे तुकडे पोरांना शिकवूच नयेत. आधी आकडा वाचायला आणि तो साध्या इंग्रजीत सांगायला शिकवावं.

बँडआठ
ताई, अजिबात पटलं नाही. परीक्षक ज्या चार गोष्टी बघतात त्यातली एक अख्खी शब्दसंपत्तीची आहे, म्हणजे त्या भागाचे पाव मार्क तिथेच. पोराने 'मोस्ट', 'मोस्ट', 'मोअर दॅन हाफ', परत 'मोस्ट' असं लिहिलं तर मार्क कुठून येणार? आणि 'व्हास्ट मेजॉरिटी' हे काही झेरॉक्सवाल्याने शोधून काढलेलं नाही, इंग्लंडातले लोक बोलताना सहज वापरतात, तिकडच्या पेपरांत रोज येतं. चुकीच्या आकड्याला लावलं ही त्या मुलीची चूक, शब्दाची नाही. जे पोरगं मराठी माध्यमातून आलंय आणि घरी इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, त्याच्या हातात दहा तयार तुकडे असणं हा केवढा आधार आहे ते तुम्ही शिकवता म्हणून तुम्हाला माहितीच असणार, तो आधार काढून घेऊ नका एवढंच म्हणणं आहे.

आकडेमोड
मी खडूडस्टर ताईंच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे. मेजॉरिटी म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त. सगळ्यात मोठा गट म्हणजे मेजॉरिटी नव्हे, आणि आपल्याकडे नेमका इथेच घोळ होतो. पाय चार्टमधे ४२, ३३ आणि २५ असे तीन तुकडे असले की ४२ ला बिनधास्त मेजॉरिटी लिहितात. ती मेजॉरिटी नाही, तो फक्त 'द लार्जेस्ट शेअर' आहे. अमेरिकेत त्याला प्लुरॅलिटी म्हणतात. २०१४ ची लोकसभा आठवा, भाजपला मतं ३१ टक्के आणि जागा ५४३ पैकी २८२. 'मेजॉरिटी ऑफ सीट्स' बरोबर, 'मेजॉरिटी ऑफ व्होटर्स' साफ चूक, निकाल तोच आणि मुख्य शब्दही तोच. २०१६ ला ब्रिटनमधे ब्रेक्झिटच्या बाजूने ५१.९ टक्के पडले, तीही मेजॉरिटीच, पण तिला 'नॅरो' म्हणावं लागतं. म्हणजे मेजॉरिटीच्या आधी कुठलं विशेषण लावायचं ते आकडा ठरवतो, लिहिणाऱ्याची हौस नाही.

रात्रपाळी
पेपरमधे डेस्कवर काम करतो, एजन्सीची इंग्रजी कॉपी मराठीत आणणं हे रोजचं. इथे सगळे गृहीत धरतायत की आकडा हातात आहे. परीक्षेत असतो हो, बाहेर बऱ्याच वेळा नसतो. समजा संपात गावोगावची दुकानं बंद होती, कोणी मोजलेली नाहीत, पण वार्ताहर फिरून आलाय आणि उघडं दुकान त्याला क्वचितच दिसलं. त्याने 'द व्हास्ट मेजॉरिटी ऑफ शॉप्स' लिहिलं तर ते प्रामाणिकच आहे. उलट त्याने 'नाईन्टी पर्सेंट' लिहिलं तर ती थाप झाली, कारण नव्वद आला कुठून? आपण बोलताना 'नव्वद टक्के लोकांना हे कळत नाही' म्हणून जातो ना, तसला आकडा छापून आला की लोक खरा मानतात. मोजलेलं नाही हे मान्य करणारे शब्दही भाषेला लागतात, त्यामुळे शिकवूच नका हे मला मान्य नाही.

खडूडस्टर
रात्रपाळी, हा मुद्दा मोलाचा आहे. मोजणी झालेलीच नाही तिथे तुमचं बरोबर. पण माझ्या पोरांच्या समोर छापील आकडा असतो, ५४.८ असा दशांशासकट, आणि तो डोळ्यासमोर असताना ती त्याच्यावर व्हास्टची गोधडी टाकतात, त्याचा मला राग येतो. बँडआठ, तयार तुकड्यांच्या आधाराचं म्हणाल तर परीक्षक पाठ केलेली वाक्यं ओळखतात आणि त्याचा तोटा होतो, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि वैविध्य 'मोस्ट'च्या जागी 'व्हास्ट मेजॉरिटी' टाकून येत नाही, 'नियरली थ्री क्वार्टर्स', 'वेल ओव्हर हाफ', 'जस्ट अंडर अ थर्ड', 'थ्री इन फाइव्ह' हेसुद्धा वैविध्यच आहे आणि ह्यातलं प्रत्येक काहीतरी सांगतं.

हडपसरकर
लायन्स शेअरबद्दल कोणीच बोललं नाही अजून. आपल्याकडे 'शाळेच्या उभारणीत त्यांचा सिंहाचा वाटा आहे' म्हणतात, म्हणजे त्यांनी दिलं. इंग्रजीत सिंह घेतो. इसापाच्या गोष्टीत शिकार सगळ्यांनी मिळून केलेली असते आणि सिंह एकेक कारण सांगत सगळेच वाटे स्वतःकडे ओढतो. त्यामुळे 'माय मदर हॅज अ लायन्स शेअर इन माय सक्सेस' लिहिलं की इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं यशाचा मोठा तुकडा आईनेच लाटला. शिवाय तिथे 'अ' नाही, 'द' लागतं. माझ्या भाचीच्या परदेशी अर्जाच्या निबंधात हेच वाक्य होतं, आम्ही बसून बदललं.

बँडआठ
हडपसरकर, अर्धंच सांगितलंत. 'शी डिड द लायन्स शेअर ऑफ द वर्क' हे शंभर टक्के बरोबर इंग्रजी आहे आणि तिथे आई काही लाटत नाहीये, राबतेय. म्हणजे वाक्यात वापरून दाखवलं की पोरांना जमतं. बजेटचा चार्ट असेल, एका खात्याला ६० टक्के आणि बाकी पाच खात्यांत उरलेले, तिथे 'टूक द लायन्स शेअर' इतकं चपखल दुसरं काही नाही. साधं लिहा साधं लिहा म्हणत आपण मराठी पोरांना कायम बालवाडीच्या इंग्रजीत ठेवायचं का? शहरातल्या इंग्रजी शाळेतलं पोरगं हे सगळं वापरणार आणि आपलं 'मोस्ट'वर थांबणार, हे मला बघवत नाही.

चिवडालाडू
मधेच बोलते. आपलं इंग्रजी आपलं का असू नये? 'मॅक्झिमम पीपल', 'मेजॉरिटी ऑफ द स्टुडंट्स' हे अख्खा भारत बोलतो, पुणे ते पाटणा सगळ्यांना कळतं. ऑफिसच्या मेलमधे मी 'मॅक्झिमम क्लायंट्स हॅव रिप्लाइड' लिहिते आणि आजवर कोणाचं काही अडलेलं नाही.

आकडेमोड
चिवडालाडू, आपसात लिहिताना खुशाल. पण 'मॅक्झिमम' म्हणजे वरची मर्यादा, त्यामुळे बाहेरचा क्लायंट 'मॅक्झिमम क्लायंट्स' वाचून थबकतो. 'मेजॉरिटी'च्या आधीचा 'द' गाळला तर परीक्षेत चूक धरतात. तसंच 'सेव्हन्टी पर्सेंटेज ऑफ पीपल'. आकडा आला की पर्सेंट, पर्सेंटेज त्याच्यामागे लागत नाही. आणखी एक, 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज' आणि 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर', ह्यात भलेभले अडकतात.

लॅबकोट
मँचेस्टरला संशोधन करतो. आमच्या विषयात पेपर पाठवला आणि त्यात 'द मेजॉरिटी ऑफ पेशंट्स' एवढंच असलं तर रिव्ह्यूअर हमखास विचारतो, किती पैकी किती? १७ पैकी ९ हीसुद्धा मेजॉरिटीच आणि १७ पैकी १६ हीसुद्धा. म्हणून शब्दही ठेवायचा आणि शेजारी आकडाही द्यायचा. शब्द वाचणाऱ्याला दिशा देतो, आकडा खात्री देतो. एकच निवडा असं कोणी सांगितलेलं नाही.

खडूडस्टर
लॅबकोट, हे मी उद्याच वर्गात सांगणार. बँडआठ, बालवाडीचा शब्द लागला हो मनाला, कारण ही पोरं पुढे जावीत म्हणूनच मी भांडतेय. मग आपण एक उतारा करून बघू. पृथ्वीवरचं पाणी घेते. साधारण ९७ टक्के समुद्रात, गोडं पाणी जेमतेम अडीच टक्के, त्यातलं जवळपास ६९ टक्के बर्फात अडकलेलं, आणि माणूस जे गोडं पाणी उपसतो त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला. आता पहिल्या आकड्याला तुमचं 'व्हास्ट मेजॉरिटी' लावायला जा, तर अडतं, कारण पाणी मोजून एक दोन तीन असं सांगता येत नाही आणि चांगलं लिहिणारे मेजॉरिटी शक्यतो मोजता येणाऱ्या गोष्टींनाच लावतात. मी असं लिहीन: 'ऑलमोस्ट ऑल ऑफ द अर्थ्स वॉटर इज इन द ओशन्स. ओन्ली अबाउट टू अँड अ हाफ पर्सेंट इज फ्रेश, अँड मोस्ट ऑफ दॅट इज आइस.'

बँडआठ
पहिलं वाक्य मान्य, ९७ ला 'ऑलमोस्ट ऑल' छान बसतं. दुसऱ्यात बर्फाला 'मोस्ट ऑफ दॅट' नको, 'द बल्क ऑफ इट' करा, 'बल्क' पाण्याला चालतं. आणि शेतीच्या सत्तर टक्क्यांचं वाक्य तुम्ही लिहिलंच नाहीत, ते मी लिहितो: 'अ‍ॅग्रिकल्चर टेक्स द लायन्स शेअर, अराउंड सेव्हन्टी पर्सेंट, ऑफ द फ्रेश वॉटर वुई विथड्रॉ.' शब्द पण आहे, आकडा पण आहे, आणि सिंह घेतोयच.

खडूडस्टर
'बल्क' घेतलं. शेतीचं वाक्यही वहीत आलं तर मार्क कापणार नाही. पण ५४.८ ला व्हास्ट दिसलं की लाल पेन चालणारच.