मुरुड (दापोली) ते दिवेआगर, हातात एक शनिवार: मासे आणि समुद्र निवांत कसे जमवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात पुण्याहून कोकणात चाललोय. शुक्रवारी दुपारी दापोलीजवळच्या मुरुडला पोचू, शनिवारी रात्रीचं बुकिंग दिवेआगरला आहे. मधला शनिवार मोकळा आहे आणि तोच काही केल्या बसत नाहीये.

गाडीत मी, बायको, सहा वर्षांची लेक (वळणाच्या रस्त्यावर हमखास गाडी लागते), बाबा (गुडघे दुखतात, पण मासे म्हटलं की विसरतात) आणि सासूबाई. त्या पूर्ण शाकाहारी, आणि वाटेतला एकही देव चुकवायचा नाही असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

माझा कच्चा बेत असा: सकाळी डॉल्फिनची बोट, मग सुवर्णदुर्ग, हर्णैचा लिलाव, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, केळशी, बाणकोट किल्ला, वेश्वीहून फेरीबोटीने बागमांडला, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, श्रीवर्धन आणि अंधाराच्या आत दिवेआगर. बायको म्हणते ही सहल नाही, तलाठ्याचा पंचनामा आहे.

तर यातलं काय गाळू? लिलावात आपल्यासारख्याला मासे मिळतात का, आणि मिळाले तर शिजवून कोण देतं? हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कधीही करता येते का? कालनिर्णयात त्या दिवशी वद्य अष्टमी दिसतेय.

—

पाजपंढरी_शेजारी:

लिलाव शनिवारातून काढा, शुक्रवारी टाका. सकाळीही मासळी येते, पण बघण्यासारखा बाजार संध्याकाळचा. चारच्या सुमाराला बोटी लागायला लागतात, मग पुळणीवर बैलगाड्या, टोपल्या, बर्फ आणि आरडाओरडा. मुरुडहून हर्णै जवळच आहे, चहा पिऊन निघालात तरी चालेल. चपला जुन्या घाला.

लिलावात ढीगच्या ढीग विकला जातो, तिथे तुम्ही नुसते बघे. तुमची खरेदी बाजूला वाटे लावून बसलेल्या बायकांकडे. पहिला भाव ऐकून लगेच पाकीट काढू नका, पण पन्नास रुपयांसाठी अर्धा तास डोकंही खाऊ नका. कल्ला उघडून बघा, लालभडक हवा. डोळा काचेसारखा आणि फुगीर. खोल गेलेला, पांढुरका दिसला की पुढच्या पाटीकडे जा. बोटाने दाबल्यावर खड्डा राहता कामा नये. सगळे सुरमई-पापलेटकडे धावतात. तुम्ही मांदेली किंवा मुडदुशे मिळाले तर सोडू नका, स्वस्तही पडतात आणि तळून असे लागतात की बाबा गुडघे विसरतील. साफ करून तिथेच मागा. मुरुडच्या तुमच्या घरगुती मुक्कामी मासे करून देतात का हे मात्र आधी फोनवर विचारा. तिथली बरीच घरं शाकाहारी आहेत, चुलीजवळ मासळी चालत नाही.

सुवर्णदुर्ग गाळा. होडीतून उतरायला धक्का नाही, गुडघेवाल्यांचे हाल होतात. दीपगृहापाशी कनकदुर्गावरून समोर अख्खा किल्ला दिसतो.

—

भांग_आणि_उधाण:

बेत आखताना आधी धरायची ती ओहोटी. बाकी सगळं त्याच्या मागे-पुढे लावा.

आमच्याकडचा जुना हिशोब: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती, आणि ओहोटी दुपारी बाराला. तुमच्या बेतात हरिहरेश्वर संध्याकाळी येतंय, म्हणजे नेमकी भरती. प्रदक्षिणेची वाट समुद्राकाठच्या खडकांवरून जाते, भरतीत तिथे जायचंच नाही. पायऱ्या उतरून गेलं की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मोठी लाट आली तर पळायला जागा नाही. माणसं गेली आहेत तिथे.

म्हणून बाराला तिथे असा. पण आणखी एक: अष्टमीला भांग असतो, पाणी अमावास्या-पौर्णिमेइतकं मागे हटत नाही. तेव्हा वाट पूर्ण मोकळी मिळेलच असं नाही. वर देवळापाशी विचारा, नाही म्हणाले तर नाही. खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत ती थोडं खाली उतरूनही दिसतात. बाबांनी वरच थांबावं, त्या पायऱ्या त्यांच्यासाठी नाहीत.

—

धागाकर्ता:

हे तिथीचं गणित माहीतच नव्हतं! बाबांना विचारलं तर म्हणाले, "आजोबा बोटांवर मोजायचे." मला कधी सांगितलं नाही ते नाहीच.

मग असं चालेल का? आठला मुरुड सोडायचं, आंजर्ल्याचा गणपती करून, केळशी-बाणकोट न थांबता अकरापर्यंत वेश्वी. डॉल्फिन रद्द. आणि दुपारचं जेवण?

—

बिरडंप्रेमी:

चालेल. आंजर्ल्याला गाडी वर देवळापर्यंत जाते, त्यामुळे सगळ्यांचं दर्शन होईल. उजव्या सोंडेचा गणपती आहे, सासूबाई खूष. तिथून सुवर्णदुर्गही पुन्हा दिसतो. आंजर्ले ते केळशी रस्ता चढउताराचा आणि वळणांचा आहे. लेकीला पोटभर नाश्ता देऊ नका, पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर तर अजिबात बसवू नका, मागेच मधोमध बसवा आणि समोर बघायला सांगा.

शनिवारी फेरीबोटीला रांग असू शकते, अर्धा तास हातात ठेवा. बोट चुकली तरी म्हाप्रळ-आंबेतचा वळसा घेऊ नका, पुढची येते. बोटीवर गाडीतून उतरून कठड्याशी उभे राहा, ही सावित्री नदी महाबळेश्वरहून इथवर आलेली.

जेवण हरिहरेश्वरलाच. सकाळी निघतानाच फोन करून पानं सांगा: एवढी माशांची, एक शाकाहारी. ऐनवेळी गेलात तर जे उरलं असेल ते मिळेल. ताजी काय मासळी आहे ते विचारा आणि तेच घ्या, पापलेटचा हट्ट नको. सासूबाईंची खरी मेजवानी रात्री दिवेआगरला, वालाचं बिरडं आणि उकडीचे मोदक. मोदक दुपारीच सांगून ठेवावे लागतात.

चारनंतर श्रीवर्धनहून शेखाडीमार्गे दिवेआगर. अंतर थोडं, पण समुद्र गाडीच्या खिडकीला लागूनच. या भागाला घाई करू नका, तुमच्या दिवसाचा खरा निवांतपणा इथे आहे. श्रीवर्धनला रोठा सुपारी घ्या, पेशव्यांच्या गावची आठवण.

—

धागाकर्ता:

ठरलं, आभार! शेवटचं एक. बाबांना शुक्रवारीच हर्णैला किलोभर सोडे आणि सुकट घ्यायची आहे. घेऊ?

—

पाजपंढरी_शेजारी:

गाडी लागणारी लेक आणि किलोभर सुकट, बंद काचांत, आंजर्ले-केळशी रस्त्यावर? रविवारी परतताना म्हसळ्याला घ्या. तेही डिकीत, दोन पिशव्यांत, गाठ मारून. पुढे ताम्हिणीचा घाट आहे.

—

धागाकर्ता:

बाबांना वाचून दाखवलं. "हर्णैची सुकट ती हर्णैची," म्हणतायत. वाटाघाटी सुरू आहेत.