मदत हवी आहे: 'ऑल आय डिझायर' (1953) सबटायटल्ससकट कुठे मिळेल?

मंडळी, डग्लस सर्कचा हा कृष्णधवल चित्रपट आईला दाखवायचाय. नवरा-मुलं सोडून रंगभूमीवर गेलेली नेओमी (बार्बरा स्टॅनविक) मुलगी लिलीचं शाळेतलं नाटक बघायला विस्कॉन्सिनमधल्या गावी परतते. लिलीच्या लेखी आई मोठी नटी. प्रत्यक्षात बाई व्होडव्हिलमध्ये (नाच-गाणी-विनोदाचे रंगमंचीय खेळ) कसेबसे दिवस ढकलतेय. थोरली जॉयस मात्र आईला दारातही उभं करायला राजी नाही! माझ्याकडच्या प्रतीत सबटायटल्स नाहीत आणि आईला ते भरभर इंग्रजी झेपत नाही. इंग्रजी सबटायटल्स असलेली डीव्हीडी किंवा अधिकृत स्ट्रीमिंग कुणाला माहितीय का?

आणखी एक. सर्कला नेओमी शेवटी निघून जायला हवी होती, निर्माता रॉस हंटरने गोड शेवट करायला लावला. मला तो ओढूनताणून वाटतो. तुम्हाला?