शाळा संपताना वर्गाची स्मरणिका काढायची आहे: आठवणी, फोटो आणि छपाई कशी जमवावी?

शेवटचा बाक

आमचा वर्ग यंदा शाळेतून बाहेर पडतोय. ४२ जण आहोत, त्यातले बरेचसे पाच वर्षं एकत्र. निरोपाच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात छापील स्मरणिका असावी असं ठरलंय. १२ आठवडे हातात आहेत. ए४ आकार, साधारण ६४ पानं, मजकूर मराठीत.

अडचणी अशा: 'आठवणी लिहून द्या' सांगितलं की सगळ्यांकडून एकच येतं, 'ते दिवस परत येणार नाहीत' आणि 'खूप मजा केली'. फोटो ढीगभर आहेत, पण सगळे व्हॉट्सॲपवरून जमलेले आणि त्यात तेच सात-आठ चेहरे. छपाईतलं तर आम्हाला काहीच कळत नाही. सुरुवात कुठून करायची?

वहीचं पान

सुरुवात आठवणींपासून करा, कारण त्यांना वेळ सगळ्यात जास्त लागतो. आणि पहिल्यांदा एकत्र बसून गप्पा मारत आठवू नका. ही चूक जवळजवळ प्रत्येक वर्ग करतो. गटात आठवायला बसलं की एक जण बोलत असताना बाकीच्यांचा धागा तुटतो. तेवढीच माणसं एकेकटी लिहायला बसवली आणि सगळ्यांचं एकत्र केलं, तर गटापेक्षा जास्त आठवणी निघतात, हे स्मरणशक्तीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. शिवाय मोठ्याने बोलणाऱ्याचे तपशील ऐकणाऱ्यांच्या आठवणीत मिसळतात, आणि नंतर त्यांनाही ते स्वतः पाहिल्यासारखे वाटू लागतात.

म्हणून एक तास मागून घ्या. पहिली २० मिनिटं प्रत्येकाने कागदावर, न बोलता लिहायचं. कागद गोळा करा, मगच चार-चारच्या गटात गप्पा. गप्पांत नवं निघालेलं वेगळ्या रंगाच्या पेनाने जोडा, म्हणजे कुणाचं मूळ काय होतं ते कळतं.

प्रश्न भावनेचे नकोत, वस्तूंचे आणि जागांचे हवेत. 'शाळेबद्दल काय वाटतं' याला सगळे तेच लिहिणार. त्याऐवजी असं विचारा: पहिल्या वर्षी तुमच्या शेजारी कोण बसायचं आणि मागे कोण? वर्गाची कोणती खिडकी नीट लागायची नाही? कोणत्या सरांच्या किंवा बाईंच्या पावलांचा आवाज ओळखू यायचा? वर्गात चालणारा पण बाहेरच्या माणसाला न कळणारा एक शब्द कोणता? कोणती गोष्ट तुम्हाला वर्गातल्या कुणी शिकवली? कुणाची माफी मागायची राहिली आहे? या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं छापायचीच असं नाही. लिहिणाऱ्याला विचारा, तो नको म्हणाला तर कागद परत द्या.

प्रत्येकाला १२० ते १५० शब्द, सगळ्यांना सारखीच मर्यादा. हुशार मुलाला अख्खं पान आणि गप्प मुलीला चार ओळी असं झालं, की पुढची अनेक वर्षं पुस्तक उघडताना तेच खुपणार. संपादनात शुद्धलेखन तपासा, पण बोलण्याची ढब पुसू नका. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही शेजारी-शेजारी छापा. तारखा मात्र सूचनावही आणि हजेरीपटावरून तपासून घ्या. सहल नक्की कोणत्या इयत्तेत गेली होती यावर अर्धा वर्ग छातीठोकपणे चूक सांगतो.

निगेटिव्ह

फोटोंचं सांगतो. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आकसते. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तो फोटो जेमतेम १३.५ सेंटिमीटर रुंद छापता येतो. ए४ च्या पूर्ण पानासाठी २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. म्हणजे अर्ध्या पानालाही तो फोटो कमीच पडतो, आणि मोबाइलच्या पडद्यावर छान दिसत असल्यामुळे हे पुस्तक हातात येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. फोटो ज्याने काढला त्याच्याकडूनच मूळ फाइल मागा आणि 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. त्यात पिक्सेलही टिकतात आणि काढल्याची तारीखही. साध्या फोटोतून तारीख उडते, मग फोटो वर्षवार लावताना डोकं धरायची वेळ येते.

तेच-ते चेहरे टाळायला एक तक्ता करा: उभ्या रकान्यात ४२ नावं, आडव्या ओळीत पान क्रमांक. फोटो पानावर बसला की त्यात ओळखू येणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे खूण. स्वतःच्या पानाव्यतिरिक्त प्रत्येक जण निदान तीन ठिकाणी दिसला पाहिजे. चौथ्या आठवड्यात तक्त्यात कुणाच्या नावापुढची ओळ रिकामी आहे ते दिसेल, आणि मुद्दाम फोटो काढायला अजून वेळ असेल. पाठमोरा किंवा अर्धा कापलेला चेहरा मोजू नका.

वर्गाचा मोठा फोटो: १४ जणांच्या तीन ओळी करा. माणशी अर्धा मीटर धरला तर ओळ ७ मीटर होते. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने जवळून काढला तर कडेची माणसं ताणल्यासारखी जाड दिसतात. दोनपट झूमवर जा आणि साधारण ११-१२ मीटर मागे उभे राहा. समोरून ऊन नको, डोळे बारीक होतात. इमारतीच्या सावलीत किंवा ढगाळ उजेडात काढा. ४२ जणांत एकाच क्षणी सगळ्यांचे डोळे उघडे मिळणं जवळपास अशक्य, म्हणून कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून २० तरी फोटो काढा. कॅमेरा हललेला नसला की एका फोटोतला चेहरा दुसऱ्यात बेमालूम बसतो.

हा फोटो एका पानावर छापला तर प्रत्येक चेहरा तीन-चार मिलिमीटरचा होतो. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरा, पण मग मधल्या दोघांमध्ये फूटभर जागा सोडून उभे राहा. नाहीतर ते शिवणीत गडप होतात.

शेवटचा बाक

निगेटिव्हदादा, हा शिवणीचा मुद्दा आमच्या ध्यानातच आला नसता. वहीचं पानताई, एक अवघड प्रश्न आहे. दोघं जण मधेच शाळा सोडून गेले आणि आमची एक मैत्रीण नववीत असताना वारली. त्यांची पानं कशी करावीत? शिवाय 'वर्गातला सर्वात आळशी', 'सर्वात सुंदर' अशा किताबांसाठी मतदान घ्यायचं काही जणांच्या मनात आहे.

वहीचं पान

तिघांनाही इतरांइतकंच पान आणि वर्णानुक्रमात त्यांच्याच जागी. सोडून गेलेल्यांना तेच प्रश्न पाठवा, ते खुशीने लिहितात. आणि दुरून पाहणाऱ्याला तुम्हाला न दिसलेलं आठवतं.

मैत्रिणीच्या पानासाठी वर्गशिक्षकांनी आधी तिच्या घरी बोलावं, मुलांनी परस्पर जाऊ नये. घरचे नको म्हणाले तर तो शब्द अखेरचा. हो म्हणाले तर काळी चौकट नको, श्रद्धांजलीची ठरीव वाक्यं नकोत. तिचं अक्षर असलेला वहीतला तुकडा, तिने कुणाला शिकवलेलं गणित, ती ज्या गोष्टीवर हसायची ती गोष्ट, असं दोन-तीन जणांनी लिहावं. फोटो घरच्यांनी निवडावा. छापायला देण्याआधी ते पान त्यांना कागदावर दाखवा, मोबाइलवर नाही.

किताबांचं मतदान घेऊ नका. सुंदर, आळशी, जाड, गरीब असं काहीही छापलं की ते त्या मुलामुलीच्या घरात कायमचं राहतं. त्याऐवजी नावांच्या चिठ्ठ्या काढा आणि ज्याचं नाव येईल त्याच्याबद्दल प्रत्येकाने प्रत्यक्ष पाहिलेली एक गोष्ट ४० शब्दांत लिहावी. कुणी सुटत नाही. पत्ते, फोन नंबर, जन्मतारखा छापू नका.

जुळारी

आता छपाई. वेळ उलटी मोजा. छापखान्याला छपाई आणि बांधणीला किती दिवस हवेत ते आजच विचारा आणि त्यात एक आठवडा जोडा. उरलेल्यातले शेवटचे दोन आठवडे फक्त मुद्रितशोधनाचे. मजकूर सहाव्या आठवड्यानंतर घ्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी जाहीर करा.

६४ पानांचा आकडा सोयीचा आहे, १६ पानी चार फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेले पानांचे गट) होतात. ६६ केलीत तर छापखाना कुरकुरेल आणि कागदही वाया जाईल. १३० जीएसएमच्या (चौरस मीटरभर कागदाचं ग्रॅममधलं वजन) गुळगुळीत आर्ट पेपरवर ६४ पानांना मधोमध पिना मारू नका. वही फुगते, आणि आतली पानं बाहेर सरकून कडेला कापली जातात. तिथेच पान क्रमांक असतात. परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पानं पाठीला गोंदाने चिकटवलेली बांधणी घ्या. मग शिवणीकडचा समास २० मिलिमीटर हवा, कारण असं पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही. कडेपर्यंत जाणारा फोटो पान कापायच्या रेषेच्या ३ मिलिमीटर बाहेर काढा. मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आणि लॅमिनेशन.

मराठी मजकुरात गाडी दोन ठिकाणी अडते. पहिलं म्हणजे फॉन्ट. कुणी जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात (ज्यातला मजकूर फॉन्ट बदलला की वाचता येत नाही) टाइप करून दिलं तर रूपांतरात 'दुसऱ्या', 'वर्ग', 'प्रश्न' अशा शब्दांतले रफार-रकार विस्कटतात. सगळ्यांकडून युनिकोडच घ्या, मुक्तासारखा मोफत फॉन्ट पुरतो. पानं मांडायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडा. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं तुटतात. मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. मजकूर ११ पॉइंट, ओळींतलं अंतर १६.

दुसरं, रंग. मजकुराचा काळा निव्वळ काळ्या शाईचा ठेवा. चार रंगांत फुटला आणि छपाईत केसभर सरकला, तर अक्षरांना रंगीत सावली येते. फोटोवर पांढरी बारीक अक्षरं टाकलीत तर अनुस्वार शाईत बुजतात. पडद्यावरचे झगझगीत निळे-हिरवे कागदावर मंद होणार, त्यासाठी एका पानाचं रंगीत प्रूफ आधी काढून बघा.

नावांचं प्रूफ वेगळं. ४२ नावांचा एकच कागद काढा, प्रत्येकाने आपलं नाव वाचून पुढे सही करायची. सही नाही तोवर फाइल जात नाही. छापून आल्यावर सगळ्यात जास्त दुखतं ते नावातली चूक.

निगेटिव्ह

एक जोडतो. सगळं साहित्य शाळेने दिलेल्या खात्यातल्या ड्राइव्हवर ठेवू नका. शाळा सुटली की ती खाती अनेक ठिकाणी बंद होतात आणि मूळ फोटो जातात. तीन प्रती ठेवा: एक खासगी खात्यावर, एक हार्ड डिस्कवर, एक शाळेच्या ग्रंथालयात. छापलेल्या पीडीएफसोबत मूळ फोटोंचा फोल्डरही ठेवा.

शेवटचा बाक

फार मोलाची माहिती मिळाली. शेवटचं एक: निरोपाच्या दिवशी एकमेकांच्या पुस्तकात लिहायला कोरी पानं ठेवायची आहेत. किती ठेवावीत?

जुळारी

आठ, आणि ती आर्ट पेपरवर नकोत. त्या गुळगुळीत कागदावर जेल पेनाची शाई लवकर वाळत नाही. पान मिटलं की समोरच्या पानावर उमटते, आणि बॉलपेन घसरतं. शेवटची आठ पानं ९० किंवा १०० जीएसएम मॅपलिथोवर, म्हणजे चकाकी नसलेल्या साध्या कागदावर छापून घ्या. परफेक्ट बाइंडिंगमध्ये तो आठ पानी तुकडा शेवटी सहज जोडता येतो. मग आर्ट पेपरची ५६ पानं उरतात: १६ चे तीन फर्मे आणि एक आठ पानी. छापखान्याला हे दर विचारतानाच सांगा, कारण दोन कागद म्हणजे दोनदा मशीन लावणं. कोऱ्या पानांवर ओळी आखू नका. पुस्तकं वाटतानाच प्रत्येकाला बॉलपेन हातात द्या, आणि जेल पेनं खोक्यात ठेवायला लावा.