जुनी जर्मन गाडी: काय टिकतं, काय बसतं

नव्या हॅचबॅकच्या पैशात दहा वर्षांची ऑडी किंवा बीएमडब्ल्यू मिळते, तेव्हा भल्याभल्यांचं मन डळमळतं. औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात ऑडीची जुळणी होते, २०१० मध्ये औरंगाबादेत एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या गेल्या. आपल्याकडं या गाड्यांचं अप्रूप तसं कमीच. ज्यांनी हाताळल्यात त्यांनी लिहा. 'लई भारी' किंवा 'नुसतं भंगार' एवढंच नको. कोणता भाग जातो, कामून जातो आणि घेण्याआधी तो कसा ओळखायचा, ते सांगा.

जालन्याहून
फोक्सवॅगनच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला डीएसजी म्हणतात. 'डीएसजी आहे' म्हणून चालत नाही, कोणती ते विचारा. सात गिअरची डीक्यू२०० (पोलो जीटी टीएसआय, व्हेंटो) कोरड्या क्लचची. सहा गिअरची डीक्यू२५० तेलातल्या क्लचची. कोरडा क्लच रांगत्या गर्दीत तापतो, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरते. दुसरं दुखणं मेकाट्रॉनिकचं, म्हणजे गिअर बदलणाऱ्या युनिटचं: आतल्या तेलाचा दाब टिकत नाही, डॅशवर गिअरचं अक्षर लुकलुकतं, सम नाहीतर विषम गिअर गायब होतात. ट्रायल थंड गाडीवर घेऊन उपयोग नाही. अर्धा-पाऊण तास गर्दीत फिरवा, मग चढावर थांबून हळू सोडा, रिव्हर्स पण टाकून बघा. डीक्यू२५० ला दर ६०,००० किमीला तेल आणि फिल्टर लागतो. पावती नसेल तर तो खर्च भावातून वजा करा.

नांदेडहून
जालनेकरांनी गिअरबॉक्सचं सांगितलं, बीएमडब्ल्यू डिझेलवाल्यांनी आधी चेन ऐकावी. २००७ ते २०११ च्या एन४७ इंजिनात (३२०डी, ५२०डी) टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) मागं, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करा, बॉनेट उघडं ठेवून १,५०० ते २,००० आरपीएमला काचेच्या बाजूनं खरखर येते का ऐका. विक्रेत्यानं गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. चेनपेक्षा मजुरी भारी, कारण गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. नुसती वरची चेन बदलून 'काम झालं' म्हणणारे भेटतात. गाइड आणि टेन्शनरसकट (चेन जागेवर आणि ताणून धरणारे भाग) वरची-खालची दोन्ही चेन एकदम बदलायच्या. आठ गिअरच्या झेडएफ बॉक्सला 'आयुष्यभराचं तेल' म्हणतात, पण तो बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमीला बदला म्हणते. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणून पॅनच नवा येतो. लेव्हल इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना लावायची.

बीडहून
आपल्याकडं खरा शत्रू ऊन आणि बोअरचं पाणी. कूलंट कमी झालं की पंक्चरवाल्याकडच्या कॅनमधून पाणी ओतलं जातं. बोअरच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत धरतो, वर कूलंटमधला गंजरोधक पातळ होतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, तेही कंपनीच्या स्पेसिफिकेशनचं. नुसता रंग जुळला म्हणून टाकू नका.

कूलंटच्या टाकीचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. आत तपकिरी गाळ किंवा तेलाचा तवंग दिसला तर विषय संपला. ऑडी-फोक्सवॅगनच्या १.८ आणि २.० टर्बो पेट्रोलला वॉटर पंप-थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग गळतं. ते इनटेकखाली लपलेलं असतं, म्हणून थेंब दिसत नाही, वाळलेला गुलाबी पापुद्रा दिसतो. टॉर्च मारा.

या गाड्यांच्या तापमानाच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. साधारण ७५ पासून १०५ पर्यंत तो मुद्दाम ९० वरच धरलेला असतो. भर दुपारी एसी लावून १५ मिनिटं उभ्या जागी चालू ठेवा आणि खरा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर वाचा.

लातूरहून
मर्सिडीज सी २२० सीडीआयच्या सुरुवातीच्या ओएम६५१ इंजिनात पिएझो जातीचे इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) होते, ते बिघडायचे. पुढं कंपनीनं साधे सोलेनॉइडवाले दिले. कोणते बसलेत ते नंबरावरून कळतं. इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर म्हणजे तांब्याचं वॉशर गळतंय. काढलाच तर वॉशर आणि बोल्ट नवेच, जुना बोल्ट ताणलेला असतो.

परभणीहून
क्यू७ ला एअर सस्पेन्शन असेल तर सपाट जागी रात्रभर उभी करून सकाळी चारही चाकांपाशी बॉडीची उंची टेपनं मोजा. एक कोपरा बसला असेल तर तिथला हवेचा फुगा (स्प्रिंगच्या जागी असतो तो) फुटलाय. रबर घडीवर चिरतं, साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे येतात. तशीच चालवली तर कॉम्प्रेसर सारखा चालून तो पण जातो, एकाचे दोन खर्च.

हिंगोलीहून
दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडं येऊ लागल्या. फॉर्म २८ ची एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना-हरकत) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, इथला टॅक्स पुन्हा भरावा लागतो तो धरून भाव करा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ पण लागतो.

आणि की ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय, म्हणजे गाडी ठोकलेली असण्याची शक्यता मोठी. किलोमीटर नुसते डॅशवर वाचू नका. बीएमडब्ल्यूच्या चावीत आणि बाकी गाड्यांच्या इतर मॉड्यूलमध्येही आकडा सापडतो. दोन्ही जुळवून बघा.