विषय: शनिवारचे रामेन, जुन्या नोटा आणि चौदा जण

सप्रेम नमस्कार,
टोकियोतल्या निशिकासाई भागातल्या आजोबांच्या रामेनच्या (सुपातल्या जपानी नूडल्सच्या) दुकानात शनिवारी जायचे नक्की झाले असून चौदा नावे आली आहेत. मात्र तिथले जेवणाचे तिकीट देणारे मशीन जुलै 2024 मध्ये आलेली कितासातोंचे चित्र असलेली हजार येनची नोट घेत नाही आणि 2021 चे दुरंगी पाचशेचे नाणेही परत टाकते. नोगुचींचे चित्र असलेल्या हजाराच्या जुन्या नोटा असल्यास कृपया सोबत आणाव्यात.
– उपक्रम समिती

उत्तर:
नोटा मिळतील, पण चौदा जण बसणार कुठे? काउंटरला आठच खुर्च्या आहेत आणि रांधणे, वाढणे, भांडी घासणे हे सारे आजोबा एकटेच करतात. वाडग्यात आधी शोयूचा (सोया सॉसचा) अर्क, त्यावर उकळते सूप, मग मनगटाच्या दोन झटक्यांत जाळीतले पाणी निथळवून नूडल्स, असे ते एका वेळी दोनच वाडगे भरतात, कारण अर्धा मिनिट उशीर झाला तरी नूडल्स मऊ पडतात. सूप संपले की रांगेत कोणीही असो, ते दारावरचा नोरेन (दुकान उघडे असल्याची खूण असलेला कापडी पडदा) उतरवून आत घेतात. आपण घोळक्याने गेलो तर रोजच्या गिऱ्हाइकांनी कुठे जावे? शिवाय मागे आपण उडोन (जाड नूडल्स) खायला गेलो त्या वेळी दोघांत एक वाडगा घेऊन तासभर जागा अडवली गेली, ते मला अजून सलते.

उत्तर:
वाडगा वाटून घेण्याची वेळ शाकाहारी मंडळींवर येते, हेही लक्षात घ्यावे. सूप डुकराच्या हाडांचे आणि सुक्या माशांचे असते, त्यामुळे वरचे मांसाचे काप काढून ते शाकाहारी होत नाही, आणि एकट्या माणसाकडे वेगळ्या सूपचा आग्रह धरणे योग्य नाही. आम्ही टोकियो स्थानकात, जेआर रेल्वेच्या तिकीट-फाटकाआतल्या टीज तानतान या उपाहारगृहात जाऊ. तिथले रामेन पूर्णपणे शाकाहारी असते.

उत्तर:
ठिकाण बदलायचे तर आधी समितीला विचारावे, ही पद्धत आपणच ठरवली आहे. तरीही शाकाहारींची सूचना मला मान्य आहे. उरलेल्यांनी शनिवारी एकत्र न जाता आठवड्यातल्या संध्याकाळी दोघादोघांनी जावे, प्रत्येकाने आपले तिकीट घ्यावे आणि खाऊन झाल्यावर वाडगा काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवून लगेच उठावे. मंगळवारी मी आणि ओजिमाचे काका जातो. बाकीच्यांनी आपापले वार कळवावेत.
– उपक्रम समिती