स्पेस इंजिनियर्स: हेवी लावलं तर जहाज हलत नाही, लाइट लावलं तर टिकत नाही

फर्मागुडीचा_पायलट

मंडळी, चवथीच्या सुट्टीत आमच्या स्पेस इंजिनियर्सच्या (ब्लॉक जोडून जहाजं बांधायचा अवकाशातला गेम) सर्व्हरवर लढाया ठरल्यात आणि माझं जहाज अजून धड नाही. लार्ज ग्रिड (मोठ्या, अडीच मीटरच्या ब्लॉकचं जहाज), 10 बाय 10 बाय 30 ब्लॉकचा डबा, म्हणजे 25 मीटर रुंद, 25 उंच, 75 लांब. बाहेरची कातडी सगळी हेवी आर्मरची, म्हणजे जड कवचाच्या ब्लॉकची. दिसायला राक्षस, पण अर्थलाइकवरून (गेममधला पृथ्वीसारखा ग्रह) उठता उठत नाही, आणि वर अवकाशात सेकंदाला 100 मीटरचा वेग घेतला की थांबायचं नाव नाही. समोरच्याचं हडकुळं जहाज तोवर माझ्या पाठीमागे जाऊन रेलगन (विजेवर चार्ज होणारी लांब पल्ल्याची तोफ) चार्ज करून बसलेलं. लाइट आर्मर (हलकं कवच) लावून पाहिलं तर गोळी नाकातून शिरली ती थेट रिॲक्टरपर्यंत.

हेवी आणि लाइटचं प्रमाण तुम्ही कसं ठरवता? कृपा करून 'अर्धं अर्धं कर' सांगू नका, ते ग्रुपवर सगळ्यांनी सांगून झालंय.

म्हापशाचा_सर्व्हरवाला

अर्धं अर्धं कर. 😀

(जेवून येतो, मग नीट लिहितो.)

झुआरीकाठचा_फिटर

प्रमाण सोड रे बाबा, आधी वजन मांड. लार्ज ग्रिडचा लाइट ब्लॉक 500 किलो, हेवी 3,300 किलो. इंटिग्रिटी, म्हणजे ब्लॉकची मार सोसायची ताकद, लाइटची 2,500, हेवीची 16,500. भागून बघ, दोन्हीकडे 6.6 पट येतं. म्हणजे नुसती इंटिग्रिटी बघितली तर किलोमागे हेवी तुला काडीचंही जास्त देत नाही. फक्त तेवढीच ताकद एका ब्लॉकच्या जागेत कोंबून देतो. जागा आहे तिथे लाइटचे दोन-तीन थर घाल, जागा नाही तिथेच हेवी.

आता तुझा डबा. त्याच्या कातडीला 1,208 ब्लॉक लागतात. हेवीत ते होतात 3,986 टन. मोठा हायड्रोजन थ्रस्टर (जहाज ढकलणारं इंजिन) 7,200 किलोन्यूटन देतो, त्यावर 1 जीमध्ये, म्हणजे पृथ्वीएवढ्या गुरुत्वात, साधारण 734 टन तोलतात. म्हणजे आत एक खुर्चीसुद्धा नसताना नुसती कातडी उचलायला सहा थ्रस्टर. तीच लाइटची केलीस तर 604 टन, एकात भागतं. थांबायचं म्हणशील तर समज, ब्रेकला दोन मोठे आयन थ्रस्टर (विजेवर चालणारे) आहेत, प्रत्येकी 4,320 किलोन्यूटन. नुसत्या त्या हेवी कातडीला 100 वरून शून्यावर आणायला सव्वादोन किलोमीटरच्या वर जातात. रेलगनचा पल्ला दोन किलोमीटर. तू ब्रेक दाबून बसलेला असताना तो आरामात नेम धरतो.

मी बार्ज दुरुस्तीत आयुष्य काढलंय. 2012 ला खाणी थांबल्या, त्याआधी आमच्या यार्डात खनिजाच्या बार्जींची रांग असायची. बार्ज तळाला घासून आली की प्लेट किती जाड उरलीय हे नंतर, आधी कंदील घेऊन आत उतरायचं आणि बल्कहेड (दोन कप्प्यांमधली आडवी भिंत) शाबूत आहे का ते बघायचं. प्लेट फाटली तर एका कप्प्यात पाणी. बल्कहेडही गेलं तर पुढच्या कप्प्यात, मग आटोपलंच. मालकाचा हट्ट मात्र एकच, वरून डबलर (जुन्या प्लेटवर दुसरी प्लेट) मारा. अहो, डबलरचं वजन वाढलं की तेवढं खनिज कमी भरणार, मग परत तुम्हीच ओरडणार! असो.

युद्धनौकांवाल्यांना हे कधीच कळलंय. अमेरिकेने 1912 साली बांधायला घेतलेल्या नेव्हाडा या युद्धनौकेवर दारूगोळा आणि इंजिनं होती तिथेच जाड कवच घातलं, नाक आणि शेपूट जवळजवळ उघडी ठेवली. तुलाही तेच करायचंय. मधोमध 4 बाय 4 बाय 6 ची जागा घे. मोठा रिॲक्टर 3 बाय 3 बाय 3 चा, तो बसून जायरो (जहाज वळवणारा ब्लॉक) आणि कॉकपिटला भरपूर जागा उरते. त्याभोवती हेवीची एका थराची पेटी कर: 192 ब्लॉक, 634 टन. बाहेर लाइटची कातडी. मिळून 1,238 टन, दोन हायड्रोजनना पेलतं. थ्रस्टर, तोफा, टाक्या यांचं वजन वेगळं धर.

म्हापशाचा_सर्व्हरवाला

जेवलो. काकांच्या पेटीला माझी हरकत नाही, पण आमच्या सर्व्हरवर पेटीवाली जहाजं कशी मरतात ते सांगतो. रिॲक्टर ठणठणीत, पायलट जिवंत, आणि जहाज ढिम्म. कारण हायड्रोजनचा कन्व्हेयर, म्हणजे गॅस नेणारा पाइप. वीज जहाजाच्या कुठल्याही ब्लॉकमधून जाते, आर्मरमधूनसुद्धा. गॅसला पाइपच लागतो, आणि तो पेटीच्या बाहेरून मागे जातो. तिथे एक फटका बसला की मागचे सगळे थ्रस्टर थंड. तेव्हा हेवीचे थोडे ब्लॉक त्या पाइपावर खर्च कर. नाहीतर पुढे-मागे दोन वेगळ्या टाक्या ठेव, एकमेकींना न जोडलेल्या. आयनला पाइप नको, पण हवेत तो मरतुकडा.

दुसरं, 2022 ला वॉरफेअर 2 या अपडेटमध्ये रेलगन आणि आर्टिलरी तोफ आली, तेव्हापासून नाकावर एकच लाइटचा थर ठेवण्यात अर्थ उरलेला नाही. नाकाला तीन थर दे, कुशीला एक. लढताना नाक समोर धरायची सवय लाव, कवच सगळीकडे सारखं कशाला हवंय?

लढाईनंतरचा खर्चही बघ. हेवीच्या एका ब्लॉकला 150 स्टील प्लेट आणि 50 मेटल ग्रिड लागतात, आणि मेटल ग्रिडला कोबाल्ट. लाइटला 25 प्लेट, झालं.

बोगमाळो_ऑर्बिट

थरांमध्ये पोकळी सोडायची नाही का? अंतराळ स्थानकावर व्हिपल शील्ड असतं ना, बाहेर पातळ पत्रा, मध्ये मोकळी जागा. कण पत्र्यावर आपटून फुटतो आणि आतल्या भिंतीवर त्याचा नुसता शिडकावा पोचतो.

म्हापशाचा_सर्व्हरवाला

खऱ्या अवकाशात बरोबर, तिथे कण सेकंदाला कित्येक किलोमीटरने येतो. गेममध्ये रेलगनची गोळी पोकळीत फुटत नाही, ब्लॉक खात खात पुढे जाते. पोकळी उपयोगी पडते ती रॉकेटला, कारण ते पहिल्या थरावरच फुटतं. एक ब्लॉकभर सोडली तरी आतला थर पुष्कळ वाचतो.

फर्मागुडीचा_पायलट

काका, तुमच्या आकड्यांनी पेटी बांधली. क्रिएटिव्हमध्ये (सामान न खर्चता बांधायचा मोड) दोन थ्रस्टरवर उठली, तोफा लावल्यावर तिसरा लागला. स्क्रीनशॉट टाकलाय. आता प्रश्न असा की पेटीला दार कुठे ठेवू? जिथे दार करतो तिथे भोक पडतं.

झुआरीकाठचा_फिटर

दार कशाला? सर्व्हायव्हल किट पेटीच्या आत ठेव, एका ब्लॉकचं तर असतं. मेलास तर आतच उठशील आणि थेट कॉकपिटमध्ये बसशील. तरी हवंच असेल तर शेपटीच्या बाजूला कर, आणि दारासमोर एक ब्लॉकची वाट सोडून हेवीची आडभिंत घाल. आत येताना वळसा पडू दे. गोळीला वळता येत नाही.

आणि नाकावरचे ते शिंगांसारखे नक्षीकाम काढून टाक आधी. स्क्रीनशॉटमध्ये मोजलं, त्यातच पन्नासेक टन गेलेत.